आपल्या आवारांतील ‘पाइन’
(नभोवाणीवरील भाषण)

वसई रोड स्टेशनाच्या पूर्वेस उतरून गोखिवऱ्याच्या बाजूस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत तुंगारेश्वराचा डोंगर समोर उभा राहतो. एके काळीं ह्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत भातखाचरें पसरलेलीं होतीं. आज हें गांव वसई-विरार महानगरपालिकेंत मोडतें. खाचरांच्या जागीं इमारती आणि कारखान्यांचे गाळे आले आहेत. त्यांच्या अधूनमधून कांहीं जुन्या घरांचीं आवारें मात्र अद्याप टिकून आहेत. अशाच एका आवारांत माझे एक स्नेही राहतात. त्यांच्या ओट्यापासून अवघ्या चार फुटांवर एक उंच, हिरवेंगार झाड उभें आहे. एकवीस वर्षांपूर्वीं नाताळच्या सुमारास तें हातभर उंचीचें रोप म्हणून कुंडींतून आलें. त्यांच्या मुलीनें, त्या वेळीं ती शाळेंत होती, तें हौसेनें अंगणांत लाविलें. आज तें दुमजली घराच्याहि वर गेलें आहे. त्याच्या फांद्या छपराच्या पत्र्यास घासतात, आणि पावसाळ्यांत वारा सुटला म्हणजे घरांतील मंडळी रात्र जागून काढतात.

‘हा पाइन तोडावा कीं ठेवावा?’ असें त्यांनीं एके दिवशीं मला विचारलें. उत्तर देण्यापूर्वीं मीं त्यांस म्हटलें, ‘पहिली गोष्ट ही कीं, हा पाइनच नव्हे.’ ह्या एका वाक्यावरून आमची जी चर्चा झाली तिचा सारांश आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. कारण हा प्रश्न एका घराचा नाहीं. शोभेचा ‘पाइन’ आपल्या दारीं असावा अशी हौस आज पुष्कळांस वाटते, आणि ती गैरहि नाहीं. परंतु ज्या झाडाचें नांवच आपणांस नीट ठाऊक नाहीं, त्याची वाढ, गरज आणि भविष्य आपणांस ठाऊक असेल असें कसें म्हणावें?

खरा पाइन कोणता, तें प्रथम पाहूं. त्याची खूण सोपी आहे. त्याचीं पानें सुईसारखीं लांब असतात, आणि तीं एकेकटीं न येतां बहुधा दोन, तीन किंवा पांच अशा जुडग्यांनीं येतात. हिमालयांतील चीड हा खरा पाइन. त्याच्या जुडग्यांत तीन सुया असतात. संस्कृतांत ह्याच झाडास ‘सरल’ म्हणतात. कुमारसंभवाच्या आरंभींच्या हिमालयवर्णनांत, हत्तींनीं गाल घासल्यामुळें सरल वृक्षांतून चीक पाझरतो आणि त्याचा सुगंध पसरतो असें वर्णन आहे, तें पुष्कळांस आठवत असेल. तोच चीक बाजारांत गंधाबिरोजा म्हणून मिळतो, आणि त्यापासूनच टर्पेंटाइन निघतें.

हा चीड समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटरांपासून २,३०० मीटरांपर्यंतच्या डोंगरउतारांवर वाढतो. तो आपल्या किनाऱ्यावर आणून लाविला तर धड वाढत नाहीं. ह्याचीं कारणें तीन. पहिलें, त्यास हिंवाळ्याची खरी थंडी हवी. आपल्याकडील हिंवाळा म्हणजे पहांटेची एक दुलई. दुसरें, उतारावरील निचऱ्याची संवय असलेल्या त्याच्या मुळांस चार महिने चिंब राहणारी जमीन मानवत नाहीं. तिसरें कारण थोडें सूक्ष्म आहे. पाइनचीं मुळें एकटीं जगत नाहींत. कांहीं विशिष्ट बुरशी त्यांच्या टोकांभोंवतीं वेढा घालून राहतात, जमिनींतील अन्नद्रव्यें शोषून झाडास पुरवितात आणि मोबदल्यांत झाडाकडून साखर घेतात. परक्या उष्ण प्रदेशांत पाइनच्या पहिल्या लागवडी कित्येक ठिकाणीं फसल्या, त्या ह्याच कारणानें. जुन्या पाइनखालची माती आणून रोपवाटिकेंत मिसळली तेव्हां कोठें तीं रोपें जोम धरूं लागलीं. आपल्या अंगणांत ही बुरशी आपोआप असत नाहीं. म्हणून सिमल्याकडून कोणीं हौसेनें आणलेलें रोप दोन पावसाळे कसेंबसें काढतें आणि तिसऱ्यांत पिंवळें पडतें.

मग आपल्याकडे पाइन म्हणून जीं झाडें दाखवितात तीं कोणतीं? मुख्यत्वेंकरून तीं तीन आहेत.

पहिलें सुरूचें झाड. ह्यासच कोणी खडशेरणी म्हणतात. वसईच्या किनाऱ्यावरील सुरूची बाग ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस वाऱ्याबरोबर त्या बनांतून उठणारा घोष सांगावयास नको. दुरून पाहतां हें झाड थेट पाइनसारखें दिसतें. नाताळांत सजावटीसाठीं सुरूची फांदी आणण्याची रीतहि कित्येक घरांत होती. परंतु सुरू हें फुलझाडांच्या वर्गांतील झाड आहे. त्याची जी सुई दिसते तें पान नसून सांध्यासांध्यांनीं जोडलेली हिरवी काडी असते. खरीं पानें म्हणजे प्रत्येक सांध्याभोंवतींचे बारीक दांते. ही काडी सांध्याशीं तोडून पुन्हां तेथेंच बसवावयाची आणि ‘कोठें तुटली तें ओळख’ असें दुसऱ्यास विचारावयाचें, हा खेळ किनाऱ्यावरील मुलें खेळतात. सुरू किनाऱ्यास उत्तम. पण घराच्या आवारांत तो झपाट्यानें उंच जातो आणि त्याच्या फांद्या वाऱ्यानें मोडतात.

दुसरें मोरपंखीचें झाड. लहानपणीं आपण सर्वांनीं त्याची चपटी डहाळी ‘विद्या’ म्हणून पुस्तकांत जपून ठेविली आहे. हें झाड मात्र सूचिपर्णी वर्गांतील, म्हणजे पाइनचें खरोखरीचें दूरचें नातलग आहे. तें आपल्या हवेंत चांगलें येतें, सावकाश वाढतें आणि बहुधा दहा-बारा फुटांत आटोपतें. ज्यांचें अंगण लहान आहे आणि ज्यांस केवळ एक नीटस, सदाहरित, निमुळतें झाड हवें आहे, त्यांनीं दुसऱ्या कशाचाहि विचार न करतां मोरपंखी लावावी.

तिसरें, आणि आजच्या भाषणाचा मुख्य विषय, तें अरॉकेरियाचें झाड. सरळसोट खोड, त्यावर चार-पांच किंवा अधिक फांद्यांचा एक घेर, मग थोडें अंतर, मग दुसरा घेर, अशी दीपमाळेसारखी रचना. नर्सरीवाले त्यास ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. माझ्या स्नेह्यांच्या दारचें झाड हेंच. हेंहि सूचिपर्णीच आहे, पण पाइनच्या कुळांतलें नव्हे. त्याचें कूळ निराळें. अरॉकेरिया हें नांव दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या अराउको प्रांतावरून पडलें. परंतु आपल्याकडे जीं झाडें येतात त्यांचें मूळ घर प्रशांत महासागरांतील बेटें होत.

ह्या झाडांची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १७७४ सालीं कॅप्टन कुक ह्याचें जहाज न्यू कॅलिडोनिया बेटाच्या दक्षिण टोकाशीं आलें असतां किनाऱ्यावर उंच, बारीक खांबांच्या रांगा दिसल्या. हीं झाडें असावींत असें कुकचें मत. तर बरोबरच्या शास्त्रज्ञांस ते दगडी खांब वाटले. जवळ गेल्यावर कुकचेंच म्हणणें खरें ठरलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यास नॉरफोक बेट लागलें, आणि तेथेंहि तशाच सरळ झाडांचें रान आढळलें. शिडांच्या जहाजांचा तो काळ. एवढीं सरळ खोडें पाहून इंग्रजांस डोलकाठ्यांचें भांडारच सांपडल्यासारखें वाटलें. १७८८ सालीं त्यांनीं त्या बेटावर वसाहत केली, त्यांत ह्या लाकडाची आशा हें एक कारण होतें. पुढें अनुभव असा आला कीं, डोलकाठीस लागणारी लवचिकता ह्या लाकडांत नाहीं. आरमाराच्या उपयोगीं न पडलेलें हें झाड मग बागांच्या उपयोगीं पडलें, आणि जगभर उष्ण व समशीतोष्ण किनाऱ्यांवर पसरलें. खाऱ्या वाऱ्यास तें फारसें भीत नाहीं, आणि त्याच्या मुळांस लागणारी बुरशी पाइनच्या बुरशीहून निराळी, बहुतेक सर्व जमिनींत असणारी आहे. चीड जेथें झुरतो तेथें अरॉकेरिया कां रुजतो, ह्याचें उत्तर बरेंचसें ह्यांतच आहे.

न्यू कॅलिडोनियाचें आणि नॉरफोक बेटाचें, अशा ह्या दोन जाति निरनिराळ्या आहेत. कुंडींतील वयांत त्या ओळखूं येणें जवळजवळ अशक्य, आणि आपल्याकडे दोन्ही एकाच नांवानें विकल्या जातात. मोठेपणीं मात्र फरक दिसतो. नॉरफोकचें झाड बुडाशीं रुंद व वर निमुळतें, घेरांमध्यें मोकळी जागा असलेलें असें वाढतें. दुसऱ्याचा आकार वरपासून खालपर्यंत अरुंद स्तंभासारखा होतो, आणि त्यास एक चमत्कारिक खोड आहे: तें विषुववृत्ताकडे कलतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत पांच खंडांतील २५६ झाडें मोजलीं, तेव्हां त्यांचा सरासरी कल सुमारें साडेआठ अंश भरला. उत्तर गोलार्धांत दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धांत उत्तरेकडे. विषुववृत्तापासून जों जों दूर जावें तों तों हा कल वाढतो. आपण त्यापासून फार दूर नाहीं, म्हणून येथें तो त्याहून कमी धरावा. तरी हिशेब ठाऊक असावा. साडेआठ अंश कललेल्या पन्नास फूट झाडाचा शेंडा बुंध्यापासून साडेसात फूट बाजूस जातो. तेव्हां आपलें झाड थोडें दक्षिणेकडे झुकलेलें दिसलें तर घाबरून त्यास दोरखंड बांधूं नये. मात्र लावतांनाच त्याच्या दक्षिणेस घर किंवा वीजेची तार येणार नाहीं अशी जागा धरावी.

आतां लागवडीकडे वळूं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट जागा. हातभर रोप पाहून जागा ठरविणें हीच सारी चूक आहे. मूळ बेटावर नॉरफोकचें झाड पन्नास मीटरांहून अधिक वाढतें. आपल्याकडे तें एवढें जाणार नाहीं, परंतु चाळीस-पन्नास फूट उंची आणि वीस फूट विस्तार हा हिशेब मनांत धरलाच पाहिजे. म्हणून घरापासून निदान पंचवीस फूट आणि कुंपणाच्या भिंतीपासून पंधरा फूट अंतर असावें. डोक्यावर तारा नसाव्यात. खालीं गटार, पाण्याचा नळ किंवा सेप्टिक टाकी नसावी. इतकी जागा नसेल तर अरॉकेरिया जमिनींत लावूंच नये; त्यास कुंडींत ठेवावा. कसा, तें पुढें सांगतों.

दुसरी गोष्ट निचरा. वसई तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गोखिवऱ्यासारख्या ठिकाणीं डोंगराकडील मुरमाड जमिनींतून तो निघून जातो. पण जुन्या खाचरांची काळी चिकण माती, किंवा इमारतींचा राडारोडा टाकून केलेला भराव असेल, तर पाणी खालीं अडून राहतें. ह्याची परीक्षा घरच्या घरीं होते. जून उजाडण्यापूर्वीं दीड फूट खोल खड्डा घ्यावा आणि पाण्यानें भरावा. तें मुरलें कीं पुन्हां भरावा, आणि घड्याळ लावून पाहावें. चार-पांच तासांत पाणी गेलें तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीं सकाळींहि पाणी दिसलें तर तेथें सपाट जमिनींत झाड लावूं नये. दीड फूट उंच आणि सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावें.

तिसरी गोष्ट रोपाची निवड, आणि येथें गिऱ्हाइकाची फसगत होण्याचा संभव आहे. अरॉकेरियाच्या फांदीचा स्वभाव असा कीं, ती आडवी वाढणारी ती जन्मभर आडवीच वाढते. बाजूच्या फांदीची कलम लावून रोप केलें तर त्यास मुळें फुटतात, तें जगतेंहि. पण तें उभें राहत नाहीं, जमिनीशीं समांतर रांगत जातें. उभें, चोहोंकडून सारखें झाड केवळ बियांपासून, किंवा शेंड्याच्या कलमेपासूनच मिळतें. म्हणून रोप घेतांना त्यावर वरून नजर टाकावी. फांद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें सर्व दिशांस गेल्या असतील तर रोप खरें. पंख्याप्रमाणें दोनच बाजूंस असतील तर घेऊं नये. शेंडा शाबूत आणि एकच असावा. उंच रोपाच्या मोहांत पडूं नये. दीड-दोन फुटांचें, बुडापर्यंत हिरवें असलेलें रोप हें चार फुटांच्या, खालून उघड्या पडलेल्या रोपाहून केव्हांहि चांगलें. कुंडीच्या बुडांतील भोंकांतून जाड मुळें बाहेर आलीं असतील तर तीं आंतहि गोल फिरलेलीं असणार असें समजावें. एका कुंडींत दोन-तीन रोपें दाटींत लाविलेलीं असतील तर तीं लहानपणीं भरगच्च दिसतात आणि मोठेपणीं एकमेकांचा घांस हिसकतात.

नर्सरींत हीं रोपें हिरव्या जाळीखालीं वाढलेलीं असतात. तीं एकदम उघड्या उन्हांत ठेविलीं तर पानें करपतात. म्हणून घरीं आणल्यावर पहिला आठवडा सांवलींत, दुसरा आठवडा सकाळच्या उन्हांत, आणि त्यानंतर पूर्ण उन्हांत, अशी दोन-तीन आठवड्यांची संवय लावावी.

लावण्याचा काळ दोन वेळां येतो. जूनमध्यें पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीची तलखी गेल्यावर, किंवा सप्टेंबरच्या अखेरीस पावसाचा जोर ओसरल्यावर. जेथें पाणी साचण्याची भीति आहे तेथें दुसरी वेळ अधिक चांगली. खड्डा अडीच फूट लांब, तितकाच रुंद आणि दोन फूट खोल घ्यावा. निघालेल्या मातींत निम्मा भाग चांगलें कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत आणि भराड वाळू मिसळावी, व दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घालावी. तिच्यामुळें वाळवीस थोडा अटकाव होतो. रोपाचा गोळा कुंडींतून काढतांना शेंडा धरून ओढूं नये. कुंडी आडवी करून हलकेंच ठोकावी. गोळ्याभोंवतीं गोल फिरलेलीं मुळें धारदार चाकूनें तीन-चार ठिकाणीं उभीं छेदावीं. हें करतांना मन कचरतें, पण छेदलीं नाहींत तर तीं पुढें बुंध्यासच फांस घालतात. रोप कुंडींत जितकें खोल होतें तितकेंच जमिनींत बसवावें. बुंधा मातींत गाडला गेला तर कुजतो. बाजूस बांबू रोवून सुतळीनें सैल, इंग्रजी आठाच्या आकाराचा बंध द्यावा, आणि वर्षानंतर तो आठवणीनें सोडावा.

पाणी पहिल्या दोन वर्षांत महत्त्वाचें. हिंवाळ्यांत आठवड्यांतून दोनदां, मार्च ते मे एक दिवसाआड, दर वेळीं दोन बादल्या सावकाश मुरवाव्यात. रोज तांब्याभर पाणी शिंपडलें तर मुळें वरच्या वर राहतात, आणि वरवर मुळें असलेलें झाड वाऱ्यास दाद देतें. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून भोंवतीं वाळलेल्या पाल्याचें तीन बोटें जाड आच्छादन घालावें. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यांत आठवड्यास एकदां पाणी पुरे होतें. खत वर्षांतून दोनदां, पावसाच्या आधीं आणि नंतर, एक-एक पाटी शेणखत द्यावें. भरभर वाढावें म्हणून युरिया घालूं नये. त्यानें खोड लांबट आणि दुबळें होतें.

छाटणीविषयीं एकच नियम: शेंड्यास हात लावूं नये. आंबा किंवा जास्वंद छाटली कीं ती अधिक फुटते, त्यावरून आपण सर्व झाडांचा स्वभाव ठरवितों. अरॉकेरियाचा शेंडा हा त्याचा कणा आहे. तो तुटला तर झाड मरत नाहीं, पण त्या जागीं दोन-तीन शेंडे उठून एकमेकांशीं स्पर्धा करूं लागतात. आकार कायमचा बिघडतो, आणि त्यांच्यामधील बेचकें पुढें वादळांत फाटतें. नाताळांत सजविण्यासाठीं शेंडा तोडणें, जड दिवे शेंड्यास टांगणें, ‘फार उंच झालें’ म्हणून वरून कापणें, हे तीनही प्रकार टाळावेत. खालची वाळलेली फांदी खोडालगत करवतीनें काढावी. पण हिरवी फांदी काढली तर ती जागा पूर्वीसारखी भरून येईल अशी आशा धरूं नये.

रोग म्हणाल तर ते थोडेच आहेत. डहाळ्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. लहान झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवावें आणि आठवड्याच्या अंतरानें दोन-तीनदां साबणाच्या सौम्य पाण्यांत थोडें कडुनिंबाचें तेल मिसळून फवारावें. पावसाळ्यांत संबंध झाड खालून पिंवळें पडूं लागलें तर मात्र औषध शोधण्यापूर्वीं मुळांशीं पाणी साचलें आहे काय, तें पाहावें. दहांपैकीं नऊ वेळां दुखणें तेथेंच असतें.

ज्यांस अंगण नाहीं त्यांच्यासाठीं आतां कुंडीविषयीं. बारा इंची कुंडीपासून आरंभ करावा आणि दर दोन-तीन वर्षांनीं एक आकार वाढवीत अठरा-वीस इंचांपर्यंत जावें. पूर्वेकडील किंवा दक्षिणेकडील सज्जा उत्तम. प्रकाश एकाच बाजूनें येत असेल तर दर आठवड्यास कुंडी पाव वळसा फिरवावी, नाहीं तर झाड पांगळें होतें. नाताळांत दिवाणखान्यांत आणलें तर दहा-बारा दिवसांत पुन्हां बाहेर न्यावें. वातानुकूलित खोलींतील कोरड्या हवेंत त्याचीं टोकें तपकिरी पडतात. अशा रीतीनें कुंडींत तें दहा-बारा वर्षें सहज जगतें. त्यानंतर तें मोठें झालें म्हणून सोसायटीच्या भिंतीलगतच्या दोन फुटी पट्टींत उतरवूं नये. मोकळ्या मैदानाची शाळा, चर्चचें आवार, गांवाबाहेरची वाडी, अशी जागा आधींच पाहून ठेवावी. ह्या झाडाचें दान करावयाचें तर तेंहि वेळेवरच करावें लागतें.

शेवटीं वादळाविषयीं दोन शब्द. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलें, त्या दिवशीं मुंबई-वसईकडे किती झाडें उन्मळलीं तें श्रोत्यांस स्मरत असेल. झाड पडतें तें बहुधा वाऱ्याच्या एका झोतानें नव्हे. त्यापूर्वीं कित्येक वर्षें आपणच त्याचें पडणें योजीत असतों. बुंध्यापर्यंत सिमेंट घातलें, एका बाजूस गटार खणून मुळें तोडलीं, दुसऱ्या बाजूच्या फांद्या खिडकीसाठीं छाटल्या, कीं तोल गेलाच. पहिल्या वाऱ्यांत तें पडलें नाहीं म्हणजे तें सुरक्षित आहे असें होत नाहीं.

माझ्या स्नेह्यांच्या झाडाचें नेमकें हेंच झालें होतें. ओटा आणि झाड ह्यांच्यामधून सांडपाण्याची नाली गेलेली. घराकडच्या फांद्या छाटलेल्या. आणि पांच वर्षांपूर्वीं उंचीचें भय वाटून शेंडाहि उडविलेला, त्याच्या जागीं दोन शेंडे उठलेले. झाड हिरवें होतें, दिसावयास सुंदर होतें. तरी त्यास ठेवावें असें सांगण्याचा धीर मला झाला नाहीं. तोडणें मात्र आपल्या मर्जीवर नाहीं. महाराष्ट्रांत १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणें महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती लागते हेंच योग्य आहे. त्यांनीं रीतसर अर्ज दिला आहे.

मुलगी आतां परगांवीं नोकरीस असते. ती सुटींत आली तेव्हां तिला हें सांगणें बापास जड गेलें. तिनें सर्व ऐकून घेतलें, थोडा वेळ झाडाखालीं उभी राहिली, आणि मग घरांतून सुतळीचा गुंडा घेऊन बाहेर आली. ओट्यापासून पंचवीस फूट मोजले. कुंपणापासून पंधरा मोजले. वर तार नाहीं, खालीं नाली नाहीं, दक्षिणेची बाजू मोकळी आहे, अशी एकच जागा विहिरीच्या पलीकडे निघाली. तेथें तिनें एक खुंटी ठोकली. पाऊस ओसरल्यावर नवें रोप तेथें लागेल.

ज्यांच्या मनांत अशी हौस असेल त्यांस माझें सांगणें इतकेंच कीं, नर्सरींत जाण्यापूर्वीं सुतळी घेऊन अंगणांत जावें. खुंटीस जागा मिळाली तर अरॉकेरिया अवश्य लावा. न मिळाली तर मोरपंखी आहेच.